औषध डाव्या हाताला, गुण उजव्याला

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (हातमोजे घालूनच केला आहे, राग मानू नकोस). तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला कसा आहे ते सविस्तर कळव. माझी बोटं अजून थंड, पांढरी पडतात. घड्याळजीची बोटंच बधिर झाली तर त्याने पोट कशावर भरायचं, या धास्तीने दुकान बंद करून किल्ली तुझ्याकडे पाठवली (मोह नको म्हणून), त्याला दोन महिने झाले.

परवा इस्पितळात तपासणी झाली. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत (तुझ्यासारख्याच, विचारलं त्यापेक्षा जास्त सांगतात). हातापायांतलं रक्त दरवेळी मेंदूला विचारून वाहत नाही म्हणे. तिथल्या तिथेच संप्रेरकं तयार होतात, एक संप्रेरक रक्तवाहिनी आवळतं, दुसरं ती सैल करतं. म्हणजे माझ्याच हातात दोन गटांची भांडणं, आणि मला पत्ता नाही. दोन्ही दंडांना पट्टे बांधले, डाव्या हातात औषध सोडलं, उजवा नुसता तुलनेला. कुठे किती रक्त येतं त्याची रेघ यंत्र काढणार. हात हलवायचे नाहीत, एवढीच अट. बाई शेजारच्या खोलीत गेल्या आणि उशाजवळचं घड्याळ अडखळायला लागलं. दोन ठोके नीट, तिसरा लंगडा. ताई, तूही बाबांच्याच हाताखाली शिकलीस, माणसाने सोसावं तरी किती? खिशातला बारका पेचकस उजव्या हातात कधी आला कळलंच नाही. एका हाताने झाकण काढलं, पेच आवळला (सैलच होता), झाकण लावलं आणि शहाण्यासारखा पडून राहिलो.

बाई आल्या, रेघा पाहिल्या आणि पुन्हा एकदा पाहिल्या. औषध डाव्या हाताला, गुण उजव्याला. असं कधी पाहिलं नाही म्हणाल्या, दोन मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. मी पेचकस खिशात आणखी खोल सारला. आता गुरुवारी पुन्हा सगळं करणार, या खेपेला औषध उजव्या हातात. खरं सांगावं तर हाकलतील, न सांगावं तर त्या औषधापायी कामाचा हात जाईल. फार भीती वाटते, ताई.

तुझा,
धाकटा

ता. क. बुधवारीच ये आणि बाईंना तूच सांग. तुझ्या बोलण्याचा लोकांना राग येत नाही (मला येतो).

पुन्हा ता. क. पत्र टाकायच्या आधी हिने वाचलं आणि विचारलं, पेच आवळताना बोटं पांढरी होती का? आठवून पाहिलं. नव्हती. मग हिनेच बाईंना फोन करून सगळं सांगितलं. बाई आधी चिडल्या, मग हसल्या. काम करणाऱ्या हाताच्या रक्तवाहिन्या आपोआप सैल होतात म्हणे. गुरुवारी जायचंच आहे, पण बुधवारपर्यंत थांबू नकोस. उद्याच ये, आणि दुकानाची किल्ली विसरू नकोस.