कार्डावरचं तुझं नाव

आई,

तू जाऊन बारा वर्षं झाली आणि मला अजून तुझा राग येतो. बाबांचाही येतो, पण तो समोर बसलेल्या माणसाचा राग आहे. चहा ओतताना येतो आणि कप विसळेपर्यंत ओसरतो. तुझा ओसरत नाही. तू असतीस तर "झालं बोलून? मग आता गिरणीतून दळण घेऊन ये," म्हणून विषय संपवला असतास. संपवायला तू नाहीस, म्हणून आज सगळं लिहून काढते.

हडपसरची कंपनीची कॉलनी, आपलं तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, पुढे बाबांनी कंपनीकडून विकत घेतलेलं. मागचं दार उघडलं की धुण्याचा दगड, आणि त्याच्या पलीकडे कुंपणापर्यंतच्या पट्ट्यात तुझे चाळीस गुलाब. खिडकीशी उभी राहून तू पोळ्या लाटतेस आणि नजर बाहेर. मध्येच गॅस बारीक करतेस, पिठाच्या हातानेच बाहेर जाऊन एखादी बाजूची कळी खुडतेस, म्हणजे मधल्या कळीला जोर मिळेल, आणि तव्यावरची पोळी करपायच्या आत परत येतेस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, आणि त्यांच्यामध्ये बारीक अक्षरात छाटणीच्या खुणा. प्रदर्शन जानेवारीत; कुठलं झाड कधी छाटलं की त्या रविवारी सकाळी त्याचं फूल अर्धं उमललेलं असेल, हे तुला एकेका झाडाचं वेगळं पाठ होतं. कलमंही तूच करायचीस. रानगुलाबाच्या खुंटावर बाबांच्या दाढीच्या जुन्या पात्याने साल उचलायची, आत चांगल्या जातीचा डोळा सरकवायचा, वर प्लॅस्टिकची पट्टी आवळायची. मी शेजारी पट्ट्या धरून बसायचे. "श्वास सोडू नकोस त्याच्यावर," म्हणायचीस, जशी काही मी त्याला सर्दी देणार होते.

आणि गुलाब मंडळाचे सभासद होते बाबा. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मंडळ कुणाच्या तरी घरी जमायचं. वीस-पंचवीस माणसं, सतरंज्या, एखाद्याने आणलेली रोगट फांदी, तिच्यावर तासभर वाद, मग चिवडा आणि कॉफी. बाबा तिथे बोलायचे आणि लोक वहीत उतरवून घ्यायचे. आदल्या संध्याकाळी ते खाटेवर बसून तुला धडा म्हणून दाखवायचे, तो मी अजून ऐकू शकते. "भुरी पडली तर गंधक. मावा पडला तर…" आणि अडकायचे. तू भाजी निवडता निवडता, मान वर न करता सांगायचीस, "मावा पडला तर आधी साबणाचं पाणी. नीट लक्षात ठेवा, मागच्या वेळी उलटं सांगितलंत." माझे पाढे घेतलेस तसे तू त्यांचे गुलाब घेतलेस. आपल्या घरी सभा असली की कलमाचं प्रात्यक्षिक असायचं, आणि नेमका त्याच दिवशी बाबांचा अंगठा दुखायचा. मग ते म्हणायचे, "अगं, तू दाखव जरा, मी समजावून सांगतो." तू खाली बसून डोळा भरायचीस, ते वर उभे राहून समजावून सांगायचे.

एका माणसाला फसवता आलं नाही. कॅम्पात सायकलींचं दुकान असलेले चाचा, पिढ्यानपिढ्या पुण्यातले, अस्सल पुणेरी मराठी बोलणारे. ते पुढच्या दाराने येऊन बाबांना नमस्कार करायचे आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत स्वयंपाकघरात यायचे. खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पान काढायचे. "वहिनी, हे जरा बघता? तीन आठवडे झाले, असंच पिवळं पडतंय." तू पान उलटं करायचीस, नखाने खरवडायचीस. "पाणी जास्त होतंय. तुम्ही प्रेमाने मारताय त्याला." ते हसायचे आणि पुढे जाऊन बाबांना विचारायचे, "साहेब, पाणी कमी करू का?" बाबा विचार करून म्हणायचे, "करून बघा."

मी एकोणीस वर्षांची होईपर्यंत मला ह्यात गंमत वाटायची. मग मला राग यायला लागला, आणि त्याच वर्षी मला संधी मिळाली. मी शहरात कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. मंडळाचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, बाबांना म्हणाले, "ह्या वर्षी प्रवेशिकांची कार्डं आपल्या कन्येकडून छापून घेऊ. जमाना बदललाय." क्लासच्या सरांची परवानगी काढून मी तीन दुपारी बसून दीडशे कार्डं टाइप केली. प्रिंटर करकरत एकेक ओळ छापत होता. आपल्या घरच्या सहा फुलांशी आले आणि बाबांच्या नावाच्या जागी मी तुझं नाव घातलं. आधी सौभाग्यवती, मग तुझं नाव, मग आडनाव. मधलं गाळलं. इतकं नीटनेटकं, काळं, सरळ रेषेत मी तुझं नाव कधी पाहिलं नव्हतं. रेशन कार्डावर होतं तेही कारकुनाने चुकीचं लिहिलेलं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी तू रिक्षात मागे बसलीस, पायांमध्ये पाण्याची बादली, बादलीत सहा फुलं, प्रत्येकाच्या पाकळ्यांभोवती लोकरीचा धागा सैल बांधलेला, वाटेत उमलून जाऊ नये म्हणून. प्रत्येक खड्ड्याला तू "हळू हो" म्हणत होतीस. सभागृहात पोचल्यावर बाबा ओळखीच्यांना भेटत फिरले आणि तू गुडघ्यांवर बसून धागे सोडलेस. परीक्षण होईपर्यंत कार्डावरचं नाव दुमडून झाकलेलं असतं. दुपारी दारं उघडली, नावं उघडी केली, आणि तुझं ते जर्दाळूच्या रंगाचं फूल सगळ्या प्रदर्शनात पहिलं आलं होतं. त्याच्यापुढे तुझं नाव. तू ते वाचलंस तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं होतं तू लाजशील, किंवा रडशील. तू फक्त पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलास.

बक्षीस समारंभाला सेक्रेटरींनी माइकवरून तुझं नाव पुकारलं. लोक मागे वळले. चाचा आपल्या पुढच्या रांगेत होते. ते उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. "उठा वहिनी, उठा!" बाबा समोर बघत बसून होते. तू उठलीस. आई, तू उठलीस तेव्हा मला एवढा आनंद झाला की मी चपलेने खालची फरशी घासत होते. तू व्यासपीठापर्यंत चालत गेलीस, पायरी चढली नाहीस, खालूनच सेक्रेटरींना सांगितलंस, आणि माइक चालू असल्यामुळे ते सगळ्या सभागृहाने ऐकलं. "नाव चुकलंय हो. मुलीने टाइप केलंय, तिची चूक आहे. फुलं ह्यांची आहेत."

सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे कॉम्प्युटरची चूक!" सगळे हसले. तीनशे माणसं माझ्याकडे बघून हसली. बाबा वर गेले, त्यांनी कप घेतला, आणि गुलाबाला लहान मुलासारखं जपावं लागतं यावर पाच मिनिटं बोलले. तू माझ्या शेजारी येऊन बसलीस आणि पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात दिलास. मी तो धरला नाही, तो खाली पडला.

घरी आल्यावर मागच्या दारात आपण भांडलो. बाबा कप दाखवायला शेजारी गेले होते.

"मला न विचारता माझं नाव कुठे लिहायचं नाही," तू म्हणालीस.

"तुझंच नाव, तुझीच फुलं, आणि तुला विचारायचं?"

"हो. माझं आहे म्हणूनच विचारायचं."

"खोटं बोललीस तू. सगळ्यांसमोर. मला मूर्ख ठरवलंस."

तू बादली पालथी घातलीस. मग हळू आवाजात बोललीस, त्या दिवशी पहिल्यांदा. "त्यांच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये कॉम्प्युटर आलाय. बावीस वर्षं ठेवलेलं रजिस्टर त्यांच्या हातातून काढून घेतलं. तुझ्या वयाचा एकजण खुर्चीवर बसतो आणि हे त्याला खोकी उचलून दाखवतात. घरी सांगत नाहीत, मला डब्यावरून कळतं. डबा तसाच परत येतो. महिन्यातून एक दिवस त्यांना कोणी साहेब म्हणतं. तोही काढून घेऊ?"

"आणि तुला कोण काय म्हणतं?"

"मला म्हणून घ्यायचंच नाही. नाव लागलं की माणसं भेटायला येतात. मग पोहे कोण करणार, तू?"

तू नेहमी असंच करायचीस. खरं बोलत असताना मध्येच एक टोमणा टाकायचीस आणि दार लावून घ्यायचीस. त्या दिवशी मला त्या टोमण्याचा जास्त राग आला. तुझा त्याग असता तर मी समजले असते, तुला हात जोडले असते. पण तू एका मोठ्या माणसाला खेळणं देऊन गप्प बसवत होतीस, आणि ते खेळणं हलू नये म्हणून मला तीनशे लोकांसमोर धक्का दिलास. त्यांची लाज वाचवायला तुला माझी लाज खर्चाला मिळाली. हे तुला एकदाही जाणवलं नाही? त्यानंतरच्या वीस वर्षांत तू माझ्या घरी आलीस, माझ्या मुलीला न्हाऊ घातलंस, माझ्या खराडीच्या ऑफिसची काचेची इमारत रस्त्यावरून बघून "पुसतं कोण हे?" विचारलंस, पण "चूक तुझी नव्हती" हे तीन शब्द तू म्हणाली नाहीस. मीही मंडळात पुन्हा पाऊल टाकलं नाही. कलम करायला तू शिकवलं होतंस, ते हात मी कीबोर्डला दिले.

मग एका सकाळी दूध तापवताना तू खाली बसलीस आणि उठली नाहीस. मंडळातले सगळे आले. बाबांनी त्या वर्षी प्रदर्शनात फुलं ठेवली नाहीत, पुढच्याही वर्षी नाहीत, आणि लोक म्हणू लागले, बायकोवर किती जीव, ती गेली आणि ह्यांनी गुलाब सोडले. आई, त्यांनी सोडले नव्हते. त्यांना येत नव्हते. दोन पावसाळ्यांत झाडं खुंटापासून फुटली. खालच्या रानगुलाबाचे धुमारे वरच्या मजल्याच्या खिडकीपर्यंत गेले आणि वरची तुझी कलमं त्यांच्याखाली वाळली. बाबा मला हात धरून दाखवायला घेऊन गेले. "बघ, केवढा जोम धरलाय." बारीक पांढऱ्या फुलांचं काटेरी जाळं होतं. मी "छान" म्हणाले.

चाचा जायच्या आधी मी त्यांना भेटले होते. दुकान तेव्हा मुलाने मोबाइलचं केलं होतं. ते आत खुर्चीवर बसून असायचे. मी विचारलं, तुम्हाला सगळं ठाऊक होतं ना? "बेटा, सगळ्यांनाच ठाऊक होतं," ते म्हणाले. "सेक्रेटरींनाही. वहिनींनी तोंड उघडलं असतं तर आम्ही सगळे उभे राहिलो असतो." म्हणजे पंचवीस माणसं तुझ्या तोंड उघडण्याची वाट बघत चिवडा खात होती. मी त्यांच्यावरही चिडले. त्यांनी मला चहा पाजला आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "तू त्या दिवशी उभी राहिली असतीस तरी चाललं असतं."

ह्या वर्षी मंडळ बाबांचा सत्कार करतंय. आता मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, निम्मे सभासद खराडी-मगरपट्ट्याच्या बाल्कन्यांतले, पानाचा फोटो टाकून "प्लीज हेल्प" लिहितात. नवी सेक्रेटरी माझ्याच क्षेत्रातली मुलगी. तिने स्मरणिकेसाठी माझ्याकडे वडिलांवर लेख मागितला. मी आठ दिवस बसून लिहिला, आणि खरा लिहिला: खिडकी, पातं, खाटेवरचे धडे, सगळं. शेवटी एक परिच्छेद, फुलं कुणाची होती ते स्पष्ट सांगणारा. मग तो घेऊन बाबांकडे गेले. त्यांना चौऱ्याऐंशी झाली. लेख ऐकायचा म्हणून त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, ऐकायचं यंत्र कानात नीट बसवून घेतलं होतं. मी वाचत गेले आणि जिथे जिथे तू यायचीस तिथे डोळ्यांनी ओळ ओलांडून पुढे गेले. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "आईचं काही नाही घेतलंस?" मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, शर्टाचं बटण चाचपत होते. मी म्हणाले, "घेतलंय, बाबा. शेवटी."

घरी येऊन, तुझं ते 'तोही काढून घेऊ?' आठवत, मी तो परिच्छेद काढून टाकला, तू येतेस त्या ओळीही, आणि उरलेला लेख त्या मुलीला पाठवला. मला वाटलं होतं जड जाईल, निदान थोडा वेळ बसून राहावं लागेल. तसं काही झालं नाही. पाठवला, आणि उठून कुकर लावला.