विमानतळावरचं ताट

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

उद्या पुण्याहून दिल्ली. विमानानं! लेक क्रांती तिकडंच असते, तिचे दिवस भरलेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. बायकोचे, शालूबाईचे गुडघे उचलत नाहीत, म्हणून मी निघालो. सोबतीला कोण — तर व्याही नानासो! फौजेतून सुभेदार होऊन विट्याला परतले तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत.

शालूबाईनं दहा भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधली. वर बजावलं — "नातवंड होईस्तवर लेकीच्या सासरचं खायचं न्हाई. ध्यानात ठेवा." मला सांगायला हवं? लेकीच्या लग्नाला तीन वर्षं झाली, नानासोंकडं चहाचा घोट घेतला नाही.

काळजी आहेच. लेकीची आणि विमानाची, दोन्हीची.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

विमानतळ. अजून दीड तास आहे.

भाकरीची पिशवी गेली! हातात ठेवतो म्हणालो होतो. "पाव्हणं, बोचकं घेऊन कुटं फिरता?" म्हणत नानासोंनीच सामानाच्या पट्ट्यावर टाकली. आता दिल्लीतच मिळणार.

वर मला इथल्या हॉटेलात आणून बसवलं. काटा, सुरी, कागदाचा रुमाल. चपातीला सुरी! एकाचीही नजर ताटावर नाही, सगळ्यांच्या माना मोबाइलात. शेजारचा अर्धा डोसा टाकून उठला. शिकलेली माणसं म्हणे!

नानासोंनी दोन ताटं मागवली. मी हात लावला नाही.

"जेवा की, पाव्हणं."

"आमच्यात चालत न्हाई."

"अवो, आता कसलं धरून बसलाय! दोन घास खावा. उतरल्यावर कुणाला सवड असंल?"

सवड नसायला काय लढाईवर चाललोय? मुलाच्या बापाला कसला आलाय नियम! खादाड माणूस.

तर स्वतःही खाईनात. भाजी चिवडत बसले. दोनदा लांब जाऊन मोबाइलवर बोलून आले. विचारलं, तर "काय न्हाई, रेंजचं." खायचं नव्हतं तर मागवायचं कशाला? नुसता रुबाब! दोन्ही ताटं तशीच उचलून नेली. आमच्या घरात अन्नाची अशी नासाडी केली असती, तर शालूबाईनं पुन्हा पाटावर बसू दिलं नसतं.

पोटात आग पडलीय.

मंगळवार, विमानात

कानात दडे बसलेत. खाली बघवत नाही. शेजारी नानासो डोळे मिटून, हात जोडून पुटपुटताहेत. सुभेदार — आणि विमानाला भ्याला!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मुलगी झाली. मंगळवारी पहाटेच झाली होती. क्रांतीचं रक्त थांबत नव्हतं. जावयानं, महेंद्रनं, बापाला तेव्हाच फोन केला होता — "मामांना वाटेत सांगू नका." म्हणजे ताटं आली तेव्हा माझी बंदी सुटलेली होती. मला ठाऊक नव्हतं. त्यांना होतं.

काल संध्याकाळी क्रांतीनं डोळे उघडले. पहिलं काय विचारावं — "अप्पा, जेवलासा का?"

आत्ता दवाखान्याच्या बाकावर नानासो दोन कप चहा घेऊन आले. एक माझ्यापुढं धरला.

घेतला. साखर फार होती. तरी सगळा संपवला.