खारी नाय, आंबट हाय

आबा, फिनलंडच्या जंगलात माझी चांगलीच फजिती झाली होती, ती तुला सांगायची राहिलीय. तेव्हा तुला जाऊन चार वर्षं झाली होती, मग सांगणार तरी कुठे? आता मी स्वतः रिटायर होऊन रोह्याला राहते. सकाळी नदीच्या कडेने फिरून येते, दोन वेळ पोटभर जेवते, दुपारी पंख्याखाली ताणून देते, आणि शेजारणी म्हणतात तशी मजेत आहे. खरंच आहे. गुडघे सोडले तर माझी कशाबद्दल तक्रार नाही. पण परवा एक माणूस दारात आला आणि जुनं सगळं वर आलं, म्हणून लिहायला बसले. त्या माणसाचं मागाहून सांगते. आधी बांधावरचा तो दिवस, कारण तो तूही विसरला नसशील.

मी कृषी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. खारजमीन दाखवायची म्हणून सरांनी आमची सहा जणांची टोळी गडब गावाच्या पुढे आपल्या गावात आणली, आणि मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना आपल्या बांधावर नेलं. एकीकडे खाडी, दुसरीकडे खाचरं, आणि खाचरात पोटरीपर्यंत चिखलात उभा तू. उन्हाळ्यात आपल्या जमिनीवर मीठ फुटून ती पांढरी पडते. ते मीठ पावसाच्या पाण्याने धुवायचं, ओहोटी लागली की बांधातलं लाकडी दार उचलून ते पाणी खाडीत सोडायचं, आणि मगच बी टाकायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मीठ पुरतं धुतलं गेलं की नाही, हे सांगणारा गावात तू एकटा. मोड आलेलं बी टोपल्यांत झाकून लोक तुझ्या तोंडाकडे बघत बसायचे. त्या दिवशीही तू चिमूटभर माती उचललीस, जिभेच्या टोकाला टेकवलीस, डोळे मिटलेस, पचकन थुंकलास आणि म्हणालास, “आजून खारी हाय. दोन पानी जाऊंदे.” माझ्या मैत्रिणी फिसकन हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मी सगळ्यांसमोर तुझ्यावरच ओरडले, “शी आबा! लोकं बघतात. माती खायला तू काय लहान पोर हायस?”

तू रागावला नाहीस. रागावला असतास तर बरं झालं असतं. धोतराला हात पुसलेस. सर म्हणाले की नमुना कॉलेजात नेऊन यंत्रावर तपासू, तर तू हसून म्हणालास, “न्या की. यंत्राची जीभ काय म्हनते ती कळवा मात्र.” संध्याकाळी चुलीपुढे आई भाकरी थापत होती, माझ्याकडे न बघता. “बापाच्या तोंडाची लाज वाटते व्हय गो तुला? त्याच तोंडानं तो गावभर सांगत फिरतो, माझी पोर मातीची डाक्टर व्हनार.” एवढं बोलून तिने मला वाढलंच नाही. तूच तुझ्या पानातली अर्धी भाकरी आणि जवळ्याची चटणी माझ्यापुढे ठेवलीस आणि म्हणालास, “जेव.” मग आईला म्हणालास, “लेकरू हाय ता.” मी जेवले. सॉरी म्हणायला तोंड उघडलं नाही, जेवायला मात्र उघडलं.

आठ दिवसांनी यंत्राने काय सांगितलं माहिताय? तेच. जमीन अजून खारी होती. सर म्हणाले, “तुझे वडील अगदी बरोबर होते, कळव त्यांना.” मी पोस्टकार्ड आणलं, पत्ता घातला, वर ‘आबास’ एवढं लिहिलं आणि कार्ड वहीत ठेवून दिलं. कळवलं असतं तर माफीही मागावी लागली असती, आणि त्या वयात माझी मान भलतीच ताठ होती. तूही कधी विचारलं नाहीस. पण त्यानंतर मी सुट्टीत घरी आले की तू माझ्याकडे पाठ करून माती चाखायचास. तुला वाटायचं मला कळत नाही. मला सगळं दिसायचं, आबा.

आता फिनलंड. मी सरकारी माती-तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला होते, तिथून सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. थंडी अशी की नाक आहे की गळून पडलं ते हाताने चाचपून बघावं. तिथल्या जंगलखात्यातली एक वयस्क बाई आम्हाला मातीचे थर दाखवायला घेऊन गेली. उंच सूचीपर्णी झाडं, आणि खाली त्यांच्या सुयांसारख्या पानांची गादी, पाय टाकला की रुतणारी. त्या गारठ्यात पानं कुजायलासुद्धा वर्षानुवर्षं लागतात. तिथे कमरेइतका खड्डा खणलेला होता. मी वाकून पाहिलं तर काळ्या पालापाचोळ्याच्या खाली वीतभर पांढुरका थर. झालं! कॉलेजात या मातीची आकृती काढून दहापैकी आठ मार्क घेतले होते, पण त्या क्षणी पुस्तक कुठल्या कुठे पळालं आणि खारपाटातली पोर तेवढी उरली. मी सगळ्यांच्या आधी ओरडले, “अरे बापरे, ही तर खारवलीय! इथे समुद्र शिरला होता का?” समुद्र तिथून कोसभर नाही, दिवसभराच्या वाटेवर होता. सगळे माझ्याकडे बघत राहिले, आणि माझा हात आपोआप खाली गेला, चिमूट उचलली गेली, जिभेला टेकली. खारी नव्हती. जराशी आंबट, आणि दाताखाली करकर वाळू.

ती बाई हसली नाही. तिने मला खड्ड्यात उतरवलं आणि समजावलं. ती सगळी वाळूची जमीन. पाऊस पडो की बर्फ वितळो, पाणी थांबतच नाही, सरळ खाली निघून जातं. वरच्या पानांतून झिरपताना ते आंबट होतं आणि वाळूच्या कणांवरचं लोखंड धुऊन नेतं. मला लगेच आईची चिंच आठवली, तांब्याची कळशी घासून लख्ख करणारी. तशी ती वाळू घासली जाऊन राखेच्या रंगाची झालेली. आणि धुतलेलं कुठे जातं? हातभर खाली गंजासारखा तांबूस थर होता, तिथे जाऊन सगळं बसलेलं. निचरा झक्क, पण पिकाला खायला वर काही उरत नाही. झाडं तेवढी तग धरतात, वरच्या कुजलेल्या पाल्यात मुळं पसरून. मी मनात म्हटलं, आबा, तू जन्मभर आपल्या चिकट जमिनीतून पाण्याला वाट करून देत राहिलास, आणि इथे वाटच वाट आहे तर पीक नाही. तुला ते बघून फार मजा वाटली असती. बाईने आणखी एक गोष्ट सांगितली. या मातीचं शास्त्रातलं नाव रशियातल्या शेतकऱ्यांनी दिलेलं. नांगरताना राखेसारखी माती दिसली म्हणून ते तिला ‘राखेची’ अशा अर्थाचं जे म्हणायचे, तेच शास्त्रज्ञांनी उचललं आणि जगभरच्या पुस्तकांत घातलं. मग तिने अगदी आदराने विचारलं, “माती चाखायला तुम्हाला कोणी शिकवलं?”

आणि मी म्हणाले, “कॉलेजात.”

बघ ना, हजारो मैलांवर कोणी हसणारं नव्हतं, उलट कौतुकाने विचारत होतं, तरी माझ्या तोंडून तुझं नाव निघालं नाही. त्या दिवशी खड्ड्यातून वर आले ते मान खाली घालून. इतरांना वाटलं थंडी बाधली.

आता परवाचं. गडबच्या बाजूचा एक शेतकरी रुमालात माती बांधून माझ्या दारात आला. गेल्या साली बांध फुटून त्याच्या शेतात खाडी शिरली होती. तपासणीचा कागद त्याच्या हातात होता, पण त्यातलं काही कळत नव्हतं. “बाई, यंदा भात लावू का नको, येवढाच सांगा.” चष्मा आत राहिला होता आणि उठायचा कंटाळा आला होता. मी रुमाल सोडला, चिमूट उचलली आणि त्याच्यासमोर, ओसरीवर, भर उजेडात जिभेला टेकवली. कुंडीत थुंकले. तोंडातून तुझेच शब्द बाहेर पडले, “आजून खारी हाय. दोन पानी जाऊंदे.” तो डोळे मोठे करून बघत होता. “ह्या तुमाला कोन शिकवला?” मी म्हटलं, “माझ्या बापानं.” तो मान हलवून म्हणाला, “मंग बराबर आसंल,” आणि कागदाची घडी घालून निवांत चहा प्यायला बसला. मला इतका आनंद झाला की त्याला दुसऱ्यांदा चहा घ्यायला लावला.

ते पोस्टकार्ड अजून त्याच वहीत आहे, पिवळं पडलंय. हा कागदही घडी करून त्याच्यापाशी ठेवते. आपल्या गावचा पोस्टमन कितीही चांगला असला तरी तुझ्यापर्यंत काही पोचायचा नाही.

आणि एक कबूल करायचंय. नोकरीची सगळी वर्षं, नमुना यंत्रात घालायच्या आधी मी चिमूटभर जिभेवर टेकवून बघायचे. आधी तुझं उत्तर, मग यंत्राचं. शिपायाची चाहूल लागली की पदराने तोंड पुसायचे. तुझं उत्तर फार क्वचित चुकलं, आणि चुकलं तेव्हा चूक माझ्या जिभेची होती. पण आबा, प्रयोगशाळेचं दार मी दर वेळी आधी लावून घ्यायचे.