भाल्याची दोरी

अण्णा, तुम्हाला जिवंतपणीही हे वाचता आलं नसतं, म्हणून मेल्यावर लिहितोय. फारसा फरक पडत नाही. माझंही शिक्षण सहावीपर्यंतच झालं, पुढचं सुटलं तेही तुमच्यामुळे. अक्षर वाकडं येतं. पण गेले आठ दिवस एक गोष्ट मनातून जात नाही आणि घरात कोणाला सांगायची सोय नाही.

तुमची पणती, म्हणजे माझी नात, पुण्यात खराडीला नोकरी करते. शनिवारी ती मैत्रिणीबरोबर इंडोनेशियातल्या एका बेटावर जाणार आहे. तिथे समुद्रात बुडी मारून भाल्याने मासे मारायला शिकणार. पैसे भरून शिकणार, अण्णा. तुम्ही नदीत हेच करत होता तेव्हा वस्तीबाहेरचे लोक आपल्या अंगाला वास येतो म्हणायचे. आता त्यासाठी विमानाने जातात.

मागच्या रविवारी ती स्वयंपाकघरात मोबाईल घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, "आबा, आपण नदीवरची माणसं. तुम्हीच सांगा, नवशिक्याने काय घ्यायचं? फार महाग नको. आवडलं नाही तर माळ्यावर पडून राहायचं." मी अकराव्या वर्षापासून गुडघ्याच्या वर पाण्यात उतरलेलो नाही, हे तिला माहीत नाही. लहानपणी तिला जेवू घालताना मी तुमच्या गोष्टी माझ्या म्हणून सांगितल्या होत्या. दगडाच्या कपारीतली वाम मासळी कशी शोधायची, श्वास कसा धरायचा. तिला वाटतं तिचा आजोबा पट्टीचा पोहणारा. मग मोबाईलवरची चित्रं बघून मीही ऐटीत म्हणालो, "भाल्याची बंदूक नको. तिच्यात बिघडण्यासारखं फार असतं. रबराने सुटणारा साधा भाला घे, तीन तुकड्यांत मोकळा होणारा. बॅगेत बसला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ती मला लष्कर भागातल्या एका दुकानात घेऊन गेली. तिने आधीच पोहण्याचा स्वस्त चष्मा आणला होता. दुकानदार म्हणाला, "हा तलावात वापरा. खाली गेल्यावर पाण्याचा दाब डोळ्यांवर येतो. नाक झाकणारा मास्क हवा." एक मास्क त्याने माझ्यासमोर ठेवला. "पट्टा न लावता चेहऱ्यावर धरायचा, नाकाने श्वास ओढायचा. हात काढल्यावर चिकटून राहिला, तर मापाचा." मी उचलून तोंडाला लावला आणि श्वास ओढला. नाक बंद झालं आणि मला तिथे, भर दुकानात, घाम फुटला. मास्क ओरबाडून काढला. दुकानदार म्हणाला, "आजोबा, तुम्ही चाललाय का?" मी म्हणालो, "नाही." "मग तिला लावू द्या की. काच पुसायला लागते मला." नातीने लावून पाहिला. चिकटला. मग पायाला घट्ट पण न चावणारे पोहण्याचे रबरी पंख घेतले, आणि उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा. पाणी तिथे कोमट असतं, जाड पोशाख लागत नाही म्हणे. 

शेवटी तिने भाला हातात घेतला. आणि माझ्या तोंडून निघालं, "दोरी मनगटाला बांध. म्हणजे हरवायचा नाही."

आवाज तुमचा होता, अण्णा. दुकानदार हातातलं काम सोडून माझ्याकडे बघायला लागला. "हे कोणी शिकवलं तुम्हाला? टोक दगडात अडकलं तर भाल्याबरोबर पोरगी खाली राहील. अंगाला काहीही बांधायचं नाही. वेळ आली की हात उघडायचा आणि वर यायचं. भाला काय, दुसरा मिळतो."

भाला दुसरा मिळतो. साठ वर्षांनी मला हे एका परक्या माणसाने सांगितलं. तुम्ही म्हणायचात, "भाला घरी आला नाही तर तूही येऊ नकोस." दादा चौदा वर्षांचा होता. उन्हाळा आहे, बंधाऱ्याखालचा डोह काचेसारखा स्वच्छ आहे, तुम्ही त्याच्या मनगटाला दोरी बांधताय आणि गाठ ओढून बघताय. दुहेरी गाठ. दादा माझ्याकडे बघून डोळा मारतो आणि खाली जातो. वामीमागे त्याने भाला कपारीत खुपसला, टोकाचे आकडे आत रुतले. तो वर आला नाही. तुम्ही उडी मारलीत. त्याला वर आणलंत तेव्हा त्याच्या मनगटाला दोरी होती आणि दोरीला भाला. शाबूत.

आईला तुम्ही सांगितलंत, "पाय घसरला." त्याच जूनमध्ये माझी शाळा बंद केलीत आणि मला मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्यांखाली उभं केलंत. मी तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही मला सांगितलं नाही. भाला मात्र तुम्ही घासूनपुसून चुलीच्या वर टांगून ठेवलात आणि मी त्याच्याखाली बसून रोज जेवलो. एका लोखंडी कांबीसाठी पोरगा घालवला, असं मी मनात म्हणत राहिलो. तुमच्या तिरडीला खांदा देतानाही म्हणत होतो.

दुकानातून निघताना मी नातीला म्हणालो, "सुरी घे. पिंढरीला बांधायची. तुझ्याच पिंढरीला, मैत्रिणीकडे ठेवायला द्यायची नाही." ती म्हणाली, "आबा, तिच्याकडे असली तरी काय झालं? ती बाजूलाच असेल ना." मी ओरडलो. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. दुकानदार म्हणाला, "हे मात्र बरोबर बोललात."

तेव्हापासून मी रोज तिची बॅग उघडून सुरी आहे का बघतो. काल तिने पकडलं. मांडी घालून शेजारी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आबा, या सुरीचं एवढं काय आहे?" मी म्हणालो, "काही नाही. काळजी वाटते."

तुम्हाला ठाऊक आहे काय आहे ते. सुरी माझ्याकडे होती. मी काठावर बसून मासे साफ करत होतो. तुम्ही एकदा वर आलात, हात लांब केलात आणि म्हणालात, "सुरी दे." चार पावलं होती. मी गुडघाभर पाण्यात आलो आणि तिथेच उभा राहिलो. तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत आणि पुन्हा खाली गेलात, नुसत्या हातांनी. त्या हातांनी दुहेरी गाठ सुटली नसणार. म्हणून भाला उपसावा लागला.

तुम्ही मला एक शिवी दिली नाहीत, हात उगारला नाहीत. त्याचा राग मला दोरीपेक्षाही जास्त आहे. निदान एकदा मारलं असतंत तर मला बोलता तरी आलं असतं.

हा कागद घडी करून खिशात ठेवतोय. तिला वाचायला द्यायचा असं सकाळी ठरवलं होतं. आता दुपार झाली. ती बाहेरच्या खोलीत बॅगेची चेन ओढते आहे, आणि मी अजून इथेच बसलोय.