सुनंदाची भूक

२ नोव्हें., रवि.
सुनंदाने या आठवड्याचं इंजेक्शन स्वतःच घेतलं, पोटाला. साखर आणि गुडघ्यांसाठी वजन उतरायला हवं म्हणून शहापूरच्या डॉक्टरांनी दिलेलं. संध्याकाळी बोंबलाचं कालवण केलं आणि दोन घास खाऊन उठली. म्हणाली, डोक्यात दिवसभर खाण्याचं चालायचं ते थांबलं, किती शांत वाटतं. मला बरं वाटायला हवं होतं. लग्नापासून शिलाईचं दुकान बंद करून आलो की एकत्र जेवतो, बोलणं काय ते तेव्हाच. आज एकटाच चावत बसलो.

१९ नोव्हें.
सु. कामाला जाते त्या शाळेतल्या बाईंनी तिला लांबून ओळखलंच नाही म्हणे. खूश. दोन ब्लाऊज आत घ्यायला दिले. गिऱ्हाइकांची घाई आहे म्हणून बाजूला ठेवले. घाई कसली...

५ डिसें.
आज बोललो, "चेहरा पार उतरलाय गो तुझा. आजारी दिसतेस." खरं तर छान दिसत होती. आरशासमोर बराच वेळ उभी.

१४ डिसें., रवि.
मळमळतंय म्हणाली. डॉक्टरांना फोन करू का, तिने विचारलं. मी म्हणालो, कशाला अंगाला त्रास, मला होतीस तशीच आवडतेस. इंजेक्शन फ्रिजमध्येच राहिलं. मनातून हलकं वाटलं. लाज वाटते लिहायला.

१० जाने.
म्हशाची जत्रा. गरम जिलबी मीच पुढे केली. खाल्ली, पुन्हा मागितली. कित्येक दिवसांनी पोटभर गप्पा. परत निघताना गुडघा धरून वाटेतच बसली.

२ फेब्रु.
शहापूर. वजन परत चढलं, साखरही. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, का सोडलं? सु. मान खाली घालून, "माझंच मन कच्चं. हे तर किती सांभाळून घेतात." मी शेजारीच. डॉक्टर म्हणाले, मन कच्चं वगैरे काही नसतं, घरच्यांची साथ लागते. माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, आहे ना साथ.
एसटीत ती स्वतःलाच बोल लावत होती. मी ऐकत होतो.

३ फेब्रु.
सकाळी चहाला सगळं सांगितलं. आजारी दिसत नव्हतीस, मुद्दाम बोललो. जिलबीही मुद्दाम. रडली नाही.
"का पण?"
"तू जेवायची थांबलीस. मग माझ्यापाशी बसशील कशाला, असं वाटलं."
कप विसळला, शाळेत गेली.

८ फेब्रु., रवि.
काल तिनेच डॉक्टरांना फोन केला. पुन्हा कमी डोसपासून सुरुवात. इंजेक्शन आतल्या खोलीत घेतलं, दार लोटून. दुपारी मला वाढलं आणि समोर बसली, स्वतःचं ताट न घेता. मी काहीतरी बोलायला गेलो.
"जेवा तुमी. मी बसलेय. पण आज काय बोलू नका."