मेयो आणि बू

बायाक्का,

मी कॅम्पात, पलटणीच्या हापिसात चालले. सकाळी तार आली, ती माझ्याजवळच हाय. आमटी चुलीवर हाय. मागावरचं लुगडं तसंच राहू दे.

आत्याबाई उठल्या की रोजच्यासारखं विचारतील, 'माझा नागू आला काय?' मागल्या रजेत ह्यांनी बर्माच्या लढाईत भेटलेल्या चिनी शिपायांचे दोन शब्द आपल्याला शिकवले, ते ध्यानात हाईत न्हवं? 'आला न्हाय' म्हणायचं तर मेयो. 'येणार न्हाय' म्हणायचं तर बू. तुम्ही मेयोच्या जागी बू म्हणालात की हे लई हसायचे.

आज चुकू नका. आत्याबाईंना मेयोच म्हणा.

बू मी आल्यावर सांगीन.

जया