‘रन’ची एकशे बारा कार्डं

४ मार्च

‘रन’ माझ्याच गळ्यात पडला! सकाळी इंग्रजी-मराठी कोशाच्या ऑफिसात पाऊल टाकलं आणि साहेबांनी खोका टेबलावर आदळला. "बाई, हा शब्द तुमचा. महिनाअखेर छापखान्यात गेला पाहिजे." एवढासा शब्द, अर्थ एकशे बारा!

एका अर्थाला एक कार्ड. वर अर्थ, खाली मराठी वाक्य, कोपऱ्यात कोण म्हणालं आणि कधी. मनानं वाक्य रचायचं नाही, कुणाच्या तरी तोंडून आलेलंच हवं — साहेबांचा कायदा. सव्वीस वर्षं पाळतेय. आता येता-जाता लोकांच्या तोंडाकडे बघायची खोडच लागली आहे.

७ मार्च

नाक वाहतं. गाडी दर तासाला असते. धुतल्यावर रंग जातो. माणूस निवडणुकीला उभा राहतो. इंग्रजांचं सगळं एका ‘रन’मध्ये भागतं, आमची मात्र कार्डागणिक वणवण. मान आखडली आहे.

९ मार्च

एकोणीस झाली. दमले.

१२ मार्च

‘घर चालवणं’ चार दिवस अडून बसलं होतं. हाती लागलेली सगळी वाक्यं भाषणातली, कडक इस्त्रीची. दुपारी ऑफिसात लेकीचा फोन आला. जावई नोकरी सुटून घरी बसल्यापासून तिची कुरकुर असतेच, म्हणून मी एका हातानं कार्डं लावत ऐकत होते. आणि ती म्हणाली — "आई, माझ्याच्यानं आता हे घर नाही चालवलं जात गं."

हेच! अगदी हेच हवं होतं! म्हटलं, "थांब थांब, पुन्हा म्हण. ‘माझ्याच्यानं’ म्हणालीस की ‘माझ्याकडून’?"

ती हळूच म्हणाली, "माझ्याच्यानं." आणि फोन ठेवला.

कार्ड झकास झालं. कोपऱ्यात लिहिलं: लेक, १२ मार्च.

१६ मार्च

चोपन्न. भांडीवालीनं आज फुकटात एक दिलं — "नळ तसाच वाहता ठेवून गेला मेला!" मी लगेच पेन काढलं. ती म्हणाली, "बाई, तुमच्यापुढं तोंड उघडायची सोय नाही." हसले, पण हसायलाही कष्ट पडतात हल्ली.

२१ मार्च

लेकीचा फोन नाही. रुसली असणार. लहानपणापासून राग नाकाच्या शेंड्यावर. हा खोका एकदाचा जाऊ दे, मग निवांत बोलेन.

२६ मार्च

एकशे बारा! साहेबांनी स्वतः वाचायला घेतली. भराभर उलटत होते, एका कार्डाशी थांबले. "वाक्य जिवंत आहे. लेक म्हणजे तुमचीच?"

"हो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

मी सांगायला तोंड उघडलं — आणि आठवलं. ‘माझ्याच्यानं’ की ‘माझ्याकडून’! एवढंच म्हणाले होते मी. साहेबांनी चष्मा काढला, पुसला. पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पोरीनं हात पुढे केला होता आणि मी त्यातलं वाक्य काढून घेतलं. आई आहे की टिपकागद! स्वतःची लाज वाटते आहे.

२७ मार्च

सकाळपासून नऊ वेळा फोन केला. बंद.

साहेबांना सांगितलं, उद्या रजा. म्हणाले, "उद्याच का? आजच निघा." पण तिच्या गावाची गाडी सकाळचीच. पिशवी भरून ठेवली. तिला जवळ घ्यायचं, वाटलं तर चार महिने इकडे घेऊन यायचं. काय बोलायचं ते ठरवत बसले होते, मग सोडून दिलं. यावेळी नुसतं ऐकायचं.

२८ मार्च

दुपारी पोचले. दार जावयांनी उघडलं. माझ्यामागे जिन्यात वाकून बघत म्हणाले, "एकट्याच आलात? ‘आईकडे जाते, फोन करू नकोस’ म्हणाली, म्हणून पंधरा दिवस केला नाही मी. बरी आहे ना ती तुमच्याकडे?"